झिजण्याचा हिशेब

‘बर्नआउट’ हा शब्द माझ्या पिढीला ऑफिसात भेटला. अंधेरीच्या सीप्झपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत कुठल्याही कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला उभे राहा, रिलीजचा आठवडा असेल तर तो कानावर पडतोच. मीही सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटत होतं की हा आमच्याच धंद्याचा आजार आहे: लॅपटॉप, डेडलाइन आणि संध्याकाळची बोरिवली फास्ट यांच्या संगनमताने झालेला.

प्रत्यक्षात या शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो एका मोफत दवाखान्यात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करायचे आणि संध्याकाळनंतर सेंट मार्क्स फ्री क्लिनिकमध्ये एक पैसा न घेता काम करायचे. तिथे व्यसनात अडकलेली, घर सुटलेली तरुण मुलं यायची. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की पेशंट तर आजारी आहेतच, पण त्यांच्यासाठी धावणारे स्वयंसेवकही ढासळताहेत. झोप उडते, सर्दी आणि डोकेदुखी हटत नाही, लहानसहान गोष्टीवरून चिडचिड होते, आणि ज्यांच्यासाठी आलो त्यांच्याबद्दलच मनात कडवटपणा साचतो. स्वतः फ्रॉइडेनबर्गरही यातून गेले. १९७४ साली त्यांनी यावर निबंध लिहिला.

त्या निबंधातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, या थकव्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो सगळ्यात जास्त जीव ओतणाऱ्यांना. दुसरी, त्यांनी सुचवलेले बरेचसे उपाय अगदी कारभारी स्वरूपाचे आहेत. कामाचे तास ठरवा, पाळ्या लावा, एकाच माणसाच्या गळ्यात तेच ते जड काम पुन्हा पुन्हा मारू नका, थकलेल्याला काही दिवस खरोखर बाहेर पाठवा.

पुढे क्रिस्टिना मासलॅक यांनी लोकांशी थेट संबंध येणाऱ्या व्यवसायांचा अभ्यास केला आणि १९८१मध्ये हा थकवा मोजण्याची प्रश्नावली तयार झाली. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात त्याची व्याख्या नेमकी केली: हा आजार नव्हे, तर कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम. म्हणजे दोष माणसाच्या मनाच्या बांधणीत शोधण्याआधी कामाच्या बांधणीत शोधायचा.

आमच्या धंद्याने हा शब्द उचलला आणि निदान काही ठिकाणी उपायही उचलले. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर कोण उठणार याची आमच्याकडे यादी असते. माझा आठवडा संपला की तो फोन दुसऱ्याकडे जातो. माझी एक मैत्रीण घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत एका संस्थेचं काम करते. घरी मार खाणाऱ्या कितीतरी बायकांकडे तिचा नंबर आहे. तिचा आठवडा कधीच संपत नाही. तुमच्याकडे अशी यादी का नाही, असं मी विचारलं तेव्हा तिने दोन कारणं सांगितली. बायकांचा विश्वास माणसावर असतो, यादीवर नसतो. आणि दुसऱ्या माणसाचा पगार प्रोजेक्टच्या बजेटमध्ये बसत नाही.

या दोन कारणांचा माग काढायला गेलो, तर महाराष्ट्रात हे भांडण एकशे तीस वर्षांहून जुनं निघालं.

टिळक, आगरकर आणि पगार

आपल्या भाषेत थकण्याला मान आहे. माणूस चंदनासारखा झिजला, पणतीसारखा जळला, त्याने देह ठेवला तो कामातच. श्रद्धांजलीच्या सभेत ही वाक्यं ऐकत आपण मोठे झालो. इंग्रजीत ‘बर्नआउट’ ही तक्रार आहे. मराठीत जळणं हा गौरव आहे.

पण हा गौरव सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केला होता असं नाही. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज. सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून आलेल्या या तरुणांनी ‘आजीव सभासद’ ही कल्पना आणली: अगदी जेमतेम वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षं संस्थेला द्यायची. टिळक आणि आगरकर दोघेही त्यात. १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते.

शाळेत आपण शिकतो की पुढे आधी राजकीय की आधी सामाजिक या वादावरून त्यांचं बिनसलं. ते खरंच आहे. पण संस्थेच्या आतलं भांडण बऱ्याच अंशी पगारावरून आणि वेळेवरून होतं. सभासदांची लग्नं झाली होती, मुलं झाली होती, खर्च वाढला होता. वेतन वाढवावं, असं आगरकर आणि त्यांच्या बाजूचे सभासद म्हणत होते. टिळकांना जेझुइट पाद्र्यांसारखी शिस्त हवी होती: पोटापुरतं घ्या, बाकी सगळा वेळ आणि वरची कमाई संस्थेची. अखेर १८९०मध्ये टिळकांनी सविस्तर पत्र लिहून राजीनामा दिला.

हे वाचताना मी आधी टिळकांच्या बाजूचा होतो. त्यागाची भाषा लगेच पटते. पण आगरकरांचं पुढचं आयुष्य पाहिलं की प्रश्न बदलतो. आयुष्यभर दमा. १८९२पासून फर्ग्युसनचं प्राचार्यपद. जोडीला ‘सुधारक’चं संपादन आणि त्यापायी सोसलेला सामाजिक छळ. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षंही पूर्ण नव्हती. दमा वेतनाने बरा होत नाही, हे उघड आहे. पण अशा प्रकृतीचा माणूस ‘घरखर्चाचं बघा’ म्हणतो तेव्हा तो त्याग सोडायला निघालेला नसतो. त्याला ते काम आणखी काही वर्षं करायचं असतं.

गोखल्यांची तरतूद

हा वाद जवळून पाहिलेला एक तरुण सभासद होता गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज काढला. त्याच्या सभासदांना सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. त्यातली एक अशी की स्वतःसाठी पैसा कमावण्यात शक्ती घालवणार नाही, आणि संस्था माझ्यासाठी व माझ्या कुटुंबासाठी जी तरतूद करेल तिच्यात समाधान मानेन.

या प्रतिज्ञेचा पहिला भाग आपल्याला लक्षात राहतो. माझं लक्ष दुसऱ्या भागाकडे गेलं. ‘कुटुंबासाठी तरतूद.’ संस्थेच्या शपथेतच कार्यकर्त्याच्या घराचा उल्लेख आहे. शिवाय सुरुवातीची पाच वर्षं प्रशिक्षणाची. माणसाला थेट आगीत न टाकता आधी तयार करायचं, आणि त्याच्या घरची चूल संस्थेने सांभाळायची. त्यागाला दिलेली ही पहिली व्यवस्थित आर्थिक चौकट म्हणता येईल.

या चौकटीत आलेले लोक पाहा. ना. म. जोशी यांनी १९११मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढची कित्येक दशकं कामगारांसाठी घालवली. ठक्कर बाप्पा तर इंजिनिअर. मुंबई महापालिकेच्या नोकरीत कुर्ल्याकडे शहराचा कचरा वाहून नेणाऱ्या रेल्वेचं काम त्यांच्याकडे होतं. तिथल्या सफाई कामगारांची हालत पाहून ते हलले आणि १९१४मध्ये नोकरी सोडून समाजात दाखल झाले. दलित आणि आदिवासींसाठी ते ऐंशी वर्षांचे होईपर्यंत काम करत राहिले. त्यांचं दीर्घायुष्य संस्थेच्या तरतुदीमुळेच, असं म्हणणं बालिश होईल. पण महिनाअखेरीची चिंता डोक्यावर नसणं ही छोटी गोष्ट नाही, हे कोणीही पगारदार सांगेल.

स्वतः गोखल्यांना मात्र आपली चौकट पुरली नाही. मधुमेह बळावलेला असताना १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा झाला, मग शाही नोकऱ्यांच्या आयोगाचं काम आलं. १९१५च्या सुरुवातीला गांधीजी भारतात परतले. पुण्यात त्यांच्यासाठी ठेवलेल्या समारंभात गोखले कसेबसे चालत आले आणि बेशुद्ध पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचं निधन झालं, वय ४८. त्यांच्या संस्थेत इतरांच्या घरची तरतूद होती, पण अध्यक्षाला ‘आता थांबा’ म्हणण्याचा अधिकार कुणाकडे नव्हता.

याच वाटेवर साने गुरुजी येतात आणि तिथे मी सावकाश चालतो. मे १९४७मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण. गांधीहत्येनंतर पुन्हा उपोषण. १५ ऑगस्ट १९४८ला ‘साधना’ साप्ताहिक. आणि ११ जून १९५० रोजी, पन्नाशीत, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. कुणाच्याही अशा मृत्यूला एकच कारण नसतं आणि पंच्याहत्तर वर्षांनंतर निदान करण्याचा अधिकार मला नाही. एवढंच दिसतं की ज्याला अख्खा महाराष्ट्र आई म्हणत होता, त्याने कुणाच्या मांडीवर डोकं ठेवायचं याची सोय आपण केली नव्हती. आज टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक तरी आहे. हे वाचताना कुणाला गरज वाटली तर तो जरूर फिरवावा.

समिधा

या हिशेबात एक खातं बहुतेक वेळा कोरं असतं. घराचं खातं.

बाबा आमटे यांच्याबरोबर आनंदवन उभं करणाऱ्या साधनाताईंनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘समिधा’. होमात आग पेटती ठेवण्यासाठी जे घालतात ते. मुखपृष्ठावरच्या त्या एका शब्दात मला हा सगळा विषय दिसतो. आग दिसते, तिची पूजा होते. लाकडं मोजायला कुणी बसत नाही.

पुण्याच्या अनिल आणि सुनंदा अवचट यांनी हे खातं उघडपणे मांडलं. दोघेही डॉक्टर. सुनंदाताईंनी येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करून घर चालवायचं आणि अनिलने लेखन आणि सामाजिक काम करायचं, असं त्यांनी ठरवलं. पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्यामागे सुनंदाताईंचा व्यावसायिक अनुभव होता. अवचटांनी हमाल, विडी कामगार, दुष्काळ अशा विषयांवर लिहिलं, म्हणजे मन पोखरणारं वास्तव अनेक वर्षं रोज पाहिलं. आणि तोच माणूस ओरिगामी करायचा, लाकूड कोरायचा, बासरी वाजवायचा. ‘छंदांविषयी’ नावाचं अख्खं पुस्तकच त्यांनी लिहिलं.

कार्यकर्त्याने बासरी वाजवावी यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही, हे मराठी वाचकाला त्यांनी सहज शिकवलं. आज ज्याला ‘सेल्फ-केअर’ म्हणून मेणबत्त्या आणि अ‍ॅपची वर्गणी विकली जाते, ते त्यांच्याकडे कागदाच्या घडीत होतं. पण ती घडी घालायला जो मोकळा वेळ लागला, तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या पगाराने मिळवून दिला होता. ही गोष्ट सांगितल्याशिवाय छंदांची गोष्ट अर्धीच राहते.

गोरेगावची रीत

आमच्या उपनगरात या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर सापडतं. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत उडी घेतली. १९४८मध्ये केशव गोरे यांच्याशी लग्न झालं. गोरेगाव तेव्हा मुंबईत नव्हतं, तिथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताई तिच्या सदस्य होत्या. १९५८मध्ये केशव गोरे गेले. मृणालताई तिशीत, पदरी लहान मुलगी.

तिथून पुढे बघा. १९६१मध्ये महापालिकेत. पाण्यासाठी हंडे घेऊन निघालेले मोर्चे आणि ‘पाणीवाली बाई’ ही ओळख. १९७२मध्ये विधानसभेत, त्याच सुमारास अहिल्याताई रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बायकांबरोबर महागाईविरोधी लाटणे मोर्चे. आणीबाणीत भूमिगत, मग तुरुंग. १९७७मध्ये लोकसभेत. त्यानंतर बाबूराव सामंत यांच्यासोबत दिंडोशीच्या डोंगराळ जागेवर ‘नागरी निवारा’ची घरं उभी करण्याचा लांबलचक लढा. १७ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या, तेव्हा वय ८४ होतं. सहा दशकांहून जास्त सार्वजनिक काम.

त्यांना थकवा आला नसेल असं कोण म्हणेल? पण त्यांच्या कामाची रचना पाहिली तर एक गोष्ट दिसते. पाण्याचा मोर्चा काढणारी बाई एक नव्हती. नळाला पाणी येत नाही हे ज्यांना रोज सोसावं लागत होतं, त्या बायकाच मोर्चात होत्या. महागाईच्या आंदोलनात नेतृत्व अनेक पक्षांच्या बायकांत वाटलेलं होतं. नागरी निवाऱ्यात घर हवं असलेली माणसंच सभासद होती. म्हणजे ‘मी देणारी, तुम्ही घेणारे’ ही रचनाच नव्हती. आरे रोडवरचं केशव गोरे स्मारक हेही मला याच रीतीचा भाग वाटतं. पतीच्या आठवणीत पुतळा उभारण्यापेक्षा लोकांना बसायला, बोलायला एक जागा. संकटातल्या बायकांना आधार देणारं ‘स्वाधार’ याच परिसरात वाढलं. ऐकून घेणाऱ्या माणसांनाही चार भिंती आणि शेजारची खुर्ची लागते. मोबाइलवर एकटीने ऐकलेलं दुःख एकटीच्याच घरी जातं.

मैत्रिणीचं पहिलं कारण, विश्वास माणसावर असतो, याला गोरेगावने दिलेलं उत्तर हे आहे. विश्वास एका माणसावर असण्याऐवजी एका जागेवर, एका गटावर बसू शकतो. त्याला वेळ लागतो, पण बसतो.

तिकिटाचे पैसे

दुसरं कारण पैशाचं. त्यालाही महाराष्ट्रात एक उत्तर शोधलं गेलं होतं आणि माझ्या वयाच्या फार कमी लोकांना ते माहीत असतं.

१९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींनी ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा केला. कल्पना साधी होती. काही माणसं नोकरीधंदा न करता पूर्णवेळ चळवळीचं काम करतात. ते आपल्या सगळ्यांच्या वाटचं काम करतात. तर त्यांच्या महिन्याच्या खर्चाचा काही वाटा आपण उचलायचा. पैसे जमवण्यासाठी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव लावले गेले. नामवंत कलाकारांनी त्यात कामं केली. लोक हसत हसत नाटक पाहून घरी गेले आणि तिकिटाच्या पैशातून कार्यकर्त्यांच्या दरमहा मानधनाची सोय झाली.

मला यातला ‘कृतज्ञता’ हा शब्द फार आवडतो. दान म्हटलं असतं तर घेणाऱ्याची मान खाली गेली असती. इथे देणाराच ऋण मान्य करतो. आणि हे पैसे शाळा बांधायला किंवा औषधं वाटायला नव्हते, हे महत्त्वाचं. ते थेट माणसाला टिकवायला होते. आजच्या देणगीदारांच्या भाषेत सांगायचं तर सगळा निधी ‘ओव्हरहेड’. नेमकी तीच गोष्ट आज बहुतेक देणगीदारांना नको असते.

मानधन

आज मुंबईच्या उपनगरांत समाजकार्याचा सगळ्यात मोठा भार ज्यांच्या खांद्यावर आहे, त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या टेकडीवरच्या गल्ल्या चढून गरोदर बायकांची नोंद घेणाऱ्या, क्षयाच्या गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका. १९७५मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाडी सेविका. २००५पासूनच्या आशा.

नावं बघा: स्वयंसेविका, सेविका. मिळतं ते मानधन. शब्द चळवळीतून आलेला आहे, पण अर्थ उलटला आहे. कृतज्ञता निधीच्या वेळी मानधन म्हणजे स्वखुशीने झोकून दिलेल्या माणसामागे उभा राहिलेला समाज. सरकारी कागदावर मानधन म्हणजे पगार, रजा आणि निवृत्तिवेतन टाळण्याची सोय. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. त्याच्या महिनाभर आधी अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं होतं. मान खूप आहे, धनासाठी कोर्टात जावं लागतं.

अशा बाईला ‘स्वतःची काळजी घ्या, दहा मिनिटं ध्यान करा’ असं सांगणारं सत्र ठेवणं मला क्रूर वाटतं. ध्यान वाईट म्हणून नव्हे. तिच्या थकव्याचं कारण तिच्या मनाबाहेर, हजेरीपटात आणि पगारपत्रकात आहे म्हणून.

पलीकडे देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६मध्ये नागपाड्यात समाजकार्याची पदवीधर शाळा म्हणून ती सुरू झाली. समाजकार्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे, हा विचार तिने आपल्याकडे रुजवला. या शिक्षणात एक जुनी पद्धत आहे. वस्तीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने ठरावीक काळाने पर्यवेक्षकासमोर बसायचं आणि काय पाहिलं, त्याचं स्वतःला काय झालं, हे बोलायचं. पदवी मिळून नोकरी लागली की ही खुर्ची बहुतेकांच्या वाट्यातून नाहीशी होते. ती परत आणायला फार पैसे लागत नाहीत. आठवड्यातला एक तास लागतो, आणि तो कामाचा तास मानला गेला पाहिजे.

माझ्या पिढीतले पुष्कळ जण दर महिन्याला कुठल्यातरी संस्थेला यूपीआयवरून थोडे पैसे पाठवतात. मीही पाठवतो. पावती आली की किती मुलांना वह्या मिळाल्या हे आपण वाचतो. यापुढे आणखी चार प्रश्न विचारायला हरकत नाही. तुमच्या कार्यकर्तीला महिन्याला किती मिळतं? ती रजेवर गेली तर फोन कोण उचलतं? ती कुणाशी बोलते? आणि माझे पैसे यासाठी वापरलेत तरी चालतील, हे मी तुम्हाला लिहून देऊ का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा आहे. आगरकरांनी संस्थेच्या सभेत घरखर्चाचा विषय काढला तेव्हा तो स्वार्थ वाटला. एकशे तीस वर्षांनी तो विषय कार्यकर्त्याने स्वतः काढावा लागू नये, एवढं तरी आपण करू शकतो.